खुर्ची सरकण्याचा आवाज

सोमवार, ३
इस्पितळाचं कॅन्टीन अखेर माझं झालं. खरी किंमत: दुसऱ्यांच्या कपबश्या विसळण्यात गेलेलं अर्धं आयुष्य, एक गुडघा आणि बायकोच्या बांगड्या. पण जागा झकास. कोठीची भिंत प्लायवूडची. पोटातल्या बाळाला गाठ निघालेल्या आईबापांना डॉक्टर मॅडम समजावून सांगतात ती खोली पलीकडेच. गाठ म्हणजे शेवट नव्हे, बऱ्याच गाठी जन्मानंतर ऑपरेशनने जातात, हे त्या टेबलापलीकडूनच सांगतात. बातमी वाईट असली की मात्र खुर्ची ओढत आईजवळ येतात. खुर्ची करकरते. माझे कान आधीच तिखट.

सोमवार, १०
सिस्टरला म्हटलं, तुमची सोनोग्राफी राहू द्या, मला खुर्चीवरून निकाल कळतो. एकदाही चुकलो नाही. ती म्हणाली, आप्पा, मग उद्यापासून पेशंट तुम्ही बघा, चहा मॅडम उकळतील.

शुक्रवार, १४
आज पलीकडे माझी लेक होती. सातवा महिना. बाळाच्या माकडहाडाला गाठ. मी प्लायला कान लावून उभा; मॅडमचा आवाज बारीक, शब्द कळेनात. इकडे दूध उतू गेलं. खुर्ची सरकली नाही. हुश्श.
बाहेर येऊन लेक म्हणाली, आप्पा, दर तीन दिवसांनी तपासायला बोलावलंय, गाठ रक्त ओढायला लागली तर बाळाच्या हृदयावर ताण येतो म्हणे. मी म्हटलं, वेडाबाई, खुर्ची हललीसुद्धा नाही. एवढ्या लांबून हेलपाटे कशाला? महिन्याने ये. जावई कुरकुरला. लेकीने माझं ऐकलं.

गुरुवार, २०
मॅडम रजेवर. खोलीला कुलूप. तरी भरदुपारी खुर्ची करकरली.

शुक्रवार, २१
पुन्हा. आज प्लायला अगदी चिकटून. आचाऱ्याला काहीच ऐकू आलं नाही. कोणीतरी ती ओढत ओढत माझ्याकडे —

सोमवार, २४
लेकीचा फोन. पोट दगडासारखं झालंय, धाप लागतेय. म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ.
करकर आता कोठीत. साखरेच्या पोत्यांमधून. माझ्या पाठीशी —

मंगळवार, २५
लेक पलीकडे. बाळाच्या अंगात पाणी भरलंय. मॅडम पुन्हा पुन्हा विचारतात, मधे का आला नाहीत. लेक माझं नाव सांगत नाही.
करकर थांबत नाही. सिस्टरला म्हटलं, ती खुर्ची तेवढी बाहेर काढा हो. ती म्हणाली, कुठली खुर्ची, आप्पा? पाय मोडला म्हणून बारा तारखेलाच भंगारात गेली. तेव्हापासून वाईट सांगायचं असलं की मॅडम आईजवळ खाटेवरच बसतात. चौदाला तुमच्या लेकीचा हात हातात घेऊन —