मुरलेली सिगार

८ जानेवारी
होणारे व्याही येऊन गेले. दातांचे डॉक्टर. लेकीला त्यांचा मुलगा पसंत, मुलाला लेक पसंत. आता दोन बापांचं जमलं की तारीख काढायची. म्हणजे सगळा भार माझ्यावर. त्यांनी सिगारींचा डबा आणला होता. म्हणाले, दुकानातून थेट आणल्यात, एकदम ताज्या, आत्ताच एकेक ओढू. ताज्या! मी स्पष्ट सांगितलं, ताजी सिगार अडाण्यांनी ओढावी, जाणकार ती मुरवतो. त्यांनी भुवया उंचावल्या. छाप पडली असणार. मग त्यांनी एकट्यानेच बाल्कनीत ओढली. टोक दातांनी तोडून माझ्या कुंडीत थुंकले. शी! आणि हा माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो.

मी स्वतः सिगार कधी ओढलेली नाही. पण साबणाच्या कारखान्यात वीस वर्षं सुगंध तपासतोय. नाक आहे मला.

९ जानेवारी
बायकोला सांगितलं, डबा सहा महिने उघडायचा नाही. मग व्याह्यांना बोलवायचं, मुरलेली सिगार हातात द्यायची, आणि मगच तारीख. आपणही कमी नाही हे दिसलं पाहिजे. ती म्हणाली, तोवर पोरांनी काय करायचं? काहीही विचारते.

डबा माझ्या कपाटात, शर्टांमागे. ओलावा हवा म्हणून आत भिजवलेला स्पंज. बायको नवा देईना. भांडी घासायचा जुनाच घातला.

२ मार्च
कारखान्यातल्या नमुन्याच्या साबणवड्या ठेवायला जागा नव्हती. सिगारींच्या डब्यावरच रचल्या होत्या. आज वड्या उतरवून एक सिगार हुंगली. गुलाबाची छटा उतरली आहे! ताज्या सिगारीत असलं काही मिळतं का? लेकीला हुंगायला दिली. म्हणाली, बाबा, हा तर तुमच्या शर्टाचा वास. या पिढीला नाकच नाही.

१९ एप्रिल, सकाळी
सिगारींवर पांढरी लव आली. बायको म्हणते, बुरशी आहे, फेका. मी म्हटलं, हीच खानदानीपणाची खूण. तिने माझे शर्ट बाहेर काढले आणि दोन बोटांत धरून धुवायला टाकले. कारखान्यात शेजारचा खुर्ची लांब सरकवून बसतो. मत्सर.

व्याह्यांचा फोन. तारखेचं काय? म्हटलं, घाई नको, सिगार अजून कच्ची आहे. मग फोन विहीणबाईंनी घेतला आणि म्हणाल्या, तुमच्या मिसेसना द्या.

४ जून
लेक बोलत नाही. आज बोलली तर काय, म्हणे मुलाकडच्यांना वाटतंय की तुम्हालाच हे स्थळ नको आहे. मला? मी एवढा जिवापाड राबतोय तो कुणासाठी? वैताग आला सगळ्यांचा. ठीक आहे, रविवारी बोलावतो. सहा महिने भरले नाहीत, पण माझं नाक ग्वाही देतंय.

७ जून, रविवार, संध्याकाळी
बाथरूमच्या फरशीवर बसून लिहितोय. चव टिपून ठेवायला वही खिशात होतीच.

व्याह्यांनी सिगार हातात घेतली. किडलेली दाढ बघावी तशी उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. म्हणाले, आधी तुम्ही ओढा, मी बघतो. भेकड! मी पेटवली. खोल झुरका घेतला. तोंडात आधी साबण, मग मोरी. गुलाबाचा पत्ता नाही. सगळे बघत होते म्हणून वा म्हटलं, आणि उठेपर्यंत उलटी झाली. थोडं व्याह्यांच्या बुटांवर गेलं. माझीच मला शिसारी आली.

संपलं सगळं. पोरीचं लग्न मोडलं, आणि ते मी मोडलं. बाहेर आवाज चढलेत. भांडण जुंपलेलं दिसतंय.

नाही. हसताहेत.

७ जून, जरा वेळाने
लेक पाणी घेऊन आली. पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, बाबा, तुम्ही आत होतात तेवढ्यात तारीख ठरवून टाकली. इतके महिने ठरत नव्हती, दहा मिनिटांत ठरली.

विचारलं, सिगारीबद्दल व्याही काय म्हणाले? म्हणाली, कुणी विषयच काढला नाही.

दारात थांबून तिने विचारलं, त्या दिवशी तुम्हाला यायला जमेल ना?

हो म्हटलं. तारीख कोणती, ते विचारायचं राहिलं.