अख्खा शर्ट

३ फेब्रुवारी

मशीन आलं. संपलं सगळं!

हे स्वतः टेम्पोतून घेऊन आले. अंग घामानं भिजलेलं, पण चेहरा नुसता फुललेला. "एकवीस वर्षं म्हणत होतीस ना, घरात मशीन असतं तर दाखवलं असतं? घे, दाखव आता!" जुनंच आहे, पायाचं, पण नीट तेलपाणी केलेलं. सासूबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. लेक म्हणाली, "आई, पहिला शर्ट तू तुझाच शिव. जन्मभर लोकांचे शिवलेस." मी हसले. आणि चहा टाकायला आत पळाले.

इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मला शर्ट शिवता येत नाही. मला खिसा लावता येतो. छातीवरचा, डावीकडचा, एक. कंपनीत कापलेले तुकडे गठ्ठ्यानं माझ्याकडे यायचे, मी खिसा लावायची आणि पुढच्या बाईकडे सरकवायची. कॉलर वेगळी बाई, बाही वेगळी, काजं वेगळी. एका शर्टाला तीस-बत्तीस जणी. लाईनवर माझं नावच पडलं होतं, खिसा. "आज खिसा आली नाही का गं?"

कंपनी बंद होऊन आठ महिने झाले. मला वाटलं, चला, सुटले. तर हे मशीन!

५ फेब्रुवारी

सुरुवात कशी झाली तेही आठवतंय. लेक दुसरीत होती. रस्त्यात दिसेल त्या माणसाकडे बोट दाखवून विचारायची, हा शर्ट तू शिवलास? मी म्हणायची, हो. अख्खा? अख्खा. एकटीनं? एकटीनं! ती अशी ऐटीत चालायची त्या माणसाच्या मागून. कोणाचं काय जात होतं?

आता जातंय. तिला नोकरी लागली ती कपड्यांच्याच कंपनीत, दुसऱ्या गावी. ऑफिसात बसायचं आहे म्हणते, प्लॅनिंग की काहीतरी. मुलाखतीत सांगून आलीय, "माझी आई एकटी अख्खा शर्ट शिवते." साहेब खूश झाले म्हणे. २ मार्चला हजर व्हायचं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आत नेऊन लाईन दाखवतात, मला माहीत आहे. आमच्याकडेही दाखवायचे. ती बघेल, एक बाई, एक काम. आणि मग तिला कळेल की आपली आई चौदा वर्षं आपल्याशी खोटं बोलली.

ती इथून निघेपर्यंत तेवीस दिवस आहेत. तेवढ्यात माझ्यासाठी एक शर्ट करायचा. घरात, बाजारात घालता येईल असा साधा सुती, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत. पण अख्खा, माझ्या हातचा. म्हणजे खोटं उरणार नाही. थोडंसंच उरेल.

७ फेब्रुवारी

कापड आणलं. निळी बारीक चौकडी, एकाच बाजूनं छापलेली. दुकानदारानं विचारलं, किती देऊ? एकवीस वर्षं शर्टांच्या ढिगात बसले आणि एका शर्टाला कापड किती लागतं ते ठाऊक नाही! शेवटी त्यालाच विचारलं. त्यानं माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि पट्टी उचलली. लाज वाटली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आधी पाण्यात बुडव. आटायचं ते आत्ताच आटू दे." मी म्हटलं, माहितीये मला. माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी

ह्यांचा करडा शर्ट उसवला. आमच्या कंपनीतलाच, एक काज चुकलं म्हणून बाजूला काढलेला. म्हटलं, सगळे सांधे सोडवले की आपोआप कळेल काय कशाला जोडतात.

उसवताना वेगळंच झालं. हात ओळखू यायला लागले! बाही आमच्या बाहीवालीची. ती मुंड्याला, म्हणजे बाही खांद्याला जोडते तिथे, जरा ओढून घ्यायची, तिथे बारीक चुणी असतेच. कॉलर त्या सदा खोकणाऱ्या बाईची, एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर टोकदार. आणि खिसा माझा. वरच्या दोन कोपऱ्यांत तो छोटा त्रिकोण टाका, इतका बारीक दुसरी कोणी घेत नसे. एवढ्या जणींना पलंगावर पसरून बसले होते. कुठे असतील सगळ्या? डोळे भरून आले, आणि मग हसू आलं, कारण बाहेरून हे ओरडले, "माझा करडा शर्ट कुठंय?"

"धुवायला टाकलाय!"

एकोणीस तुकडे झालेत त्याचे. आता खोट्यावर खोटं.

१० फेब्रुवारी

पितळ उघडं पडलं.

सकाळी लेक आणि हे बाहेर गेल्यावर कापायला बसले. कापड पसरलं, पाठीचा उसवलेला तुकडा वर ठेवला, खडूनं आखलं, कात्री हातात घेतली. आणि बसूनच राहिले. हात चालेना. कापलं की कापलं, परत जोडता येत नाही! सासूबाई दारात उभ्या होत्या, किती वेळ कोण जाणे. म्हणाल्या, "तू कधी कापड कापलेलं नाहीस." विचारलं नाही त्यांनी, सांगितलं.

मग मी सगळं सांगून टाकलं. खिसा, तीस बत्तीस जणी, रस्त्यातली माणसं, मुलाखत. बोलता बोलता रडले. त्या ऐकत होत्या आणि मग चक्क हसायला लागल्या. "एवढंच होय! मला वाटलं, काय झालं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी अख्ख्या घराचं हातानं शिवलं. शेजारणींना सांगायची, मशीनचा टाका मला आवडत नाही. मला त्या सुईची भीती वाटायची गं. बोटात घुसेल म्हणून."

बावीस वर्षं एका घरात राहतो आम्ही!

"लेकीला सांगून टाक," म्हणाल्या. मी म्हटलं, सांगेन. आधी शर्ट होऊ दे.

११ फेब्रुवारी

कापलं! खुणा त्यांच्या, कात्री माझी. त्यांचे हात थरथरतात, पण खडूची रेघ सरळ येते. टेप लागत नाही त्यांना, वीत आणि बोटं. "दोन बोटं माया ठेव सगळीकडून. माणूस काय एका मापाचं राहतं का?"

१३ फेब्रुवारी

आज खिसा. म्हटलं, इथे तरी कोणी मला शिकवायला येऊ नये. लाईनवर आधी खिसाच लागतो, पुढचा भाग सुटा असतानाच. बोटांनी अंतर घेतलं, दुमडला, लावला. नजर लागेल असा बसला!

मग खांदे जोडून अंगावर धरून पाहिला. नको तिथे, नेमका टोकावर. माझ्या बोटांत पुरुषाच्या छातीचं माप बसलंय, त्याला मी तरी काय करू! सासूबाई हसून हसून पलंगावर आडव्या. "अगं, आत काय ठेवणार आहेस?" मीही हसले. पण उसवताना जीव तुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी लावलेला खिसा चुकला.

सुईच्या भोकांचा चौकोन उरला होता. पाणी लावून नखानं घासला, बराचसा गेला. नवा खिसा खाली लावणार, कमरेशी, उजवा हात सहज पडेल तिथे. लाखो खिसे लावले असतील मी. माझ्या अंगावरच्या कपड्याला आजवर एक नव्हता.

१४ फेब्रुवारी

मशीनवर बसले होते आणि सासूबाई येऊन मागे उभ्या राहिल्या, बघायला. माझा पाय आपोआप जोरात पडायला लागला. टाके वाकडे, दोरा तुटला. मी एकदम खेकसले, "मागे नका ना उभ्या राहू!" त्या बिचाऱ्या दचकल्या. का गं, म्हणाल्या.

कंपनीतल्या घड्याळवाल्याबद्दल सांगितलं त्यांना. हातात घड्याळ आणि पाटी घेऊन मागे उभा राहायचा. बोलायचा नाही, समोर यायचा नाही. सेकंद मोजायचा आणि लिहायचा. आधी खिशाला चाळीस सेकंद होते, त्यानं चौतीस केले. शिंक आली तरी वाटायचं, हिलाही मोजतोय की काय. त्याचं तोंड मला आजही आठवत नाही, कारण मी ते धड पाहिलंच नाही. फक्त मानेला कळायचं, आलाय.

सासूबाईंनी स्टूल उचललं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. दिवसभर तिथेच होत्या.

१६ फेब्रुवारी

दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. दोन्ही!!

आता लिहीत बसायचीही इच्छा नाही.

१७ फेब्रुवारी

बाहीवालीला फोन केला. आठ महिन्यांनी. "खिसा! मेली आहेस की जिवंत?" बाही कशी कापतात, विचारलं. पलीकडे ती हसायलाच लागली. मग म्हणाली, "मला जोडता येते गं. कापता कुठे येते? कापलेलीच यायची ना!" तिच्याही घरी हेच. नणंद कापड घेऊन आली तर ही म्हणाली, पाठ दुखते. गेले आठ महिने तिची पाठ दुखतेय. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी.

पण मुंडा कसा बसवायचा ते तिनं फोनवर असं सांगितलं की बास. आधी वरची खूण जुळव, मग दोन्हीकडून खाली ये, ओढू नकोस, कापडालाच जाऊ दे. उरलेल्या कापडातून सासूबाईंनी उजवी बाही कशीबशी काढली. आतून जोड आहे. कोणाला दिसणार नाही.

२१ फेब्रुवारी

कॉलर तीनदा उसवली. चौथ्यांदा बसली. एक टोक केसभर जास्त टोकदार आलंय. तसंच राहू दिलं.

२४ फेब्रुवारी

झाला!

इस्त्री केली आणि घातला. आरशासमोर उभी राहिले, पुढून, मागून, बाजूनं. डावा खांदा जरा उतरलाय. घेर मागे अर्धं बोट लांब. पण काखेत काचत नाही, गळ्याशी आवळत नाही, हात वर केला तर कंबर उघडी पडत नाही. बाजारात घालून गेले. कोणी वळून पाहिलं नाही! भाजी घेतली, सुटे पैसे खिशात टाकले, चावी खिशात टाकली, आणि परत येताना उगीचच एक हात खिशात घालून चालले. साहेबासारखी.

इतका आनंद कशाचा झाला? शर्टाचाच. दुसरं कारण शोधत बसणार नाही.

२६ फेब्रुवारी

ह्यांचा करडा शर्टही परत जोडला, म्हटलं आता येतंय तर. घालून पाहिला आणि म्हणाले, "धुतल्यावर बरा बसायला लागलाय हा." सासूबाईंना ठसका लागला.

२७ फेब्रुवारी

आज सांगायचंच, असं ठरवून लेकीच्या खोलीत गेले. ती बॅग भरत होती. माझ्या अंगावरचा शर्ट धरून म्हणाली, "आई, हाच दे ना मला. पहिल्या दिवशी घालीन." म्हटलं, अगं, माझ्या मापाचा आहे, ढगळ होईल, मी दुसरा शिवून पाठवते. "मला तुझाच हवा. सगळ्यांना दाखवीन, हा माझ्या आईनं अख्खा शिवलाय."

आणि ते खरं होतं! आता खोटं असं काही उरलंच नव्हतं, मग काय सांगायचं? असं स्वतःला पटवलं आणि गप्प बसले. शर्ट धुतला, वाळवला, तिच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला. दारातून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

२८ फेब्रुवारी

गेली. घर मोठं वाटतंय.

२ मार्च

तिचा पहिला दिवस. दिवसभर फोनकडे बघत होते. आला नाही. दुसरा शर्ट कापायला घेतला, पिवळसर कापड आहे, पण लक्ष लागेना. आत्ता ती लाईनजवळून चालत असेल. आत्ता तिला कळलं असेल.

३ मार्च

फोन आला. जेवलीस का, झोप लागली का, आणि मग एकदम, "आई, तू खिसा लावायचीस?"

लाईनवर खिसा लावणाऱ्या एका बाईनं तिच्या अंगावरचा शर्ट पाहून सांगितलं म्हणे, "बाकी सगळा घरचा आहे पोरी, पण हा खिसा लाईनवरच्या हाताचा." मी म्हटलं, हो. एकवीस वर्षं. फक्त खिसा.

रागावली नाही. मग म्हणाली, "मला काय काम दिलंय माहितीये? घड्याळ दिलंय हातात. बायकांच्या मागे उभं राहून सेकंद मोजायचे. आज त्याच बाईचे मोजले. चौतीस." आणि रडायला लागली.

मी मग म्हटलं, "मागे उभी राहू नकोस. समोर जा. तिला दिसू दे कोण मोजतंय."