माळकऱ्याच्या घरी खेकड्याचा रस्सा

१३ सप्टेंबर

परत हळीव! सकाळी हळिवाची खीर, दुपारी शेपू, संध्याकाळी बाजरीची भाकर अन् खसखस-खोबरं. सगळं माझ्या पोटात जातंय, लेकीच्या तोंडात काही पडत नाही. दोन्हीकडं लावून झालं तरी टाहो फोडते.

सासू म्हणते, "आमच्या येळंला न्हाई बाई असलं काही." सासूला या वहीत मी गुणाबाईच लिहिणार. तोंडावर आत्या म्हणावं लागतं, इथं कोण बघतंय! आई असती तर माहेरी गेले असते अन् हे ऐकावं लागलं नसतं.

१५ सप्टेंबर

देगलूरला दवाखान्यात नेलं. लेकीचं वजन घटलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरचं दूध द्या, पण अंगावर पाजणं सोडू नका, जितकं पाजाल तितकं उतरेल. अन् स्वतः नीट खा — अंडी, मासे, काहीतरी.

गुणाबाईंनी तिथंच पदर तोंडाला लावला. "आमच्यात चालत न्हाई. मालक माळकरी हायत."

मालक म्हणजे माझे सासरे. त्यांना मात्र मामाच लिहीन, नाव लिहायला हात धजत नाही. या घराच्या उंबऱ्याआत अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही.

१६ सप्टेंबर

शेजारच्या बेगमबी लेकीला बघायला आल्या. "खेकड्याचा रस्सा पाजा बाळंतिणीला. आमच्या शबानाला तेच पाजलं होतं. दूध उतरतंय बघा. ओढ्याला लई खेकडे हायत आता." गुणाबाईंनी विषय सोयाबीनवर नेला!

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माहेरी आई नांग्या ठेचून, फडक्यानं गाळून करायची.

हरिओमला फोन केला. "बघ ना, घरात कशाला वाद?" म्हणे. नवरा लातूरच्या क्लासमध्ये पोरांना बायोलॉजी शिकवतो — अन् बायकोला हे!

१८ सप्टेंबर

काही नाही. नुसतं रडणं. तिचं अन् माझं.

१९ सप्टेंबर

आज तोंड सुटलं. पावडरच्या डब्याकडं बघून गुणाबाई म्हणाल्या, "बाटली लागली की पोरगी अंगावर पिणार न्हाई." मामा ओसरीवर टाळ घेऊन बसलेले. मी तिथंच ओरडले — "तुमची माळ मोठी का लेकरू मोठं? एकदाचं सांगा!"

मामांनी टाळ खाली ठेवले, चप्पल घातली, निघून गेले. मला वाईट वाटलं नाही. नंतर थोडं वाटलं.

२१ सप्टेंबर

बेगमबी मागच्या दारानं आल्या, पदराखाली डबा. "आमच्या फरहाननं धरलेत. पी गं माय, गरम हाय तवर." खेकड्याचा रस्सा! लसूण भरपूर, तिखट बेताचं. गोठ्यात म्हशीच्या आड बसून प्याले. स्वतःच्या घरात चोर!

चूळ भरली, बडीशेप चावली. तेवढ्यात गुणाबाई आल्या. हवेत हुंगल्यासारखं केलं अन् "म्हशीला पाणी दाव" म्हणून गेल्या. सर्दी झाली असावी, नाहीतर आज माझं काही खरं नव्हतं.

२३ सप्टेंबर

डबा रोज येतो. दुधाचं नाव नाही.

मामा अजून रुसलेलेच. माझ्याशी अवाक्षर नाही. संध्याकाळी टाळही घेत नाहीत. भर उन्हात गळ्याला दस्ती गुंडाळून फिरतात, घसा धरलाय म्हणे. बोटाला चिंधी, काटा मोडला म्हणे. सकाळी जे जातात ते जेवायलाच उगवतात. म्हातारपणी एवढा राग? मी काही माफी मागणार नाही. बाहेर असतात तेच बरं, रस्सा निवांत पिता येतो.

२६ सप्टेंबर

ब्लाऊज भिजला! दोन्हीकडून! लेक पोट भरून प्याली अन् पिता पिताच झोपली. रस्सा लागू पडला, का डॉक्टरीणबाईंचं ऐकून सारखी पाजत राहिले ते, देव जाणे. मी रडले. बेगमबी म्हणाल्या, "मोठ्यानं बोलू नको माय, नजर लागंल."

मामांनी ओसरीवरून विचारलं, "झोपली का?" मी "हाव" म्हटलं. एवढंच. फुटलं एकदाचं तोंड!

२८ सप्टेंबर

फरहान आज अंगणात दिसला. बेगमबींचा धाकटा, हैदराबादला गॅरेजात असतो; मला वाटलं होतं, सुट्टीवर आलाय केव्हाचा. म्हटलं, "भाऊ, तुझ्या खेकड्यांनी लेक सावरली बघ." तो बघतच राहिला. "वैनी, मी तर ईदनंतर आजच येऊन राहिलो. मी कुठून धरू खेकडे?"

बेगमबींकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला इचारती? कसम घातलीय मला," अन् घाईनं आत गेल्या.

२९ सप्टेंबर

बाळंतिणीनं देवघरात जायचं नसतं, म्हणून इतके दिवस तिकडं डोकावलेच नव्हते. आज दारातूनच पाहिलं. विठोबाच्या तसबिरीखाली, खुंटीला, मामांची माळ.

मामा चप्पल घालत होते. म्हटलं, "मामा, आता नका जाऊ ओढ्याला. दूध पुरतंय तिला."

ते थांबले. गळ्याची दस्ती सारखी केली.

"असू दे," म्हणाले. "आजून थोडे दिवस." अन् गेले.