टेकडीवरचं गवत आणि सात नंबरचा माणूस

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे सध्या तो उभ्यानेच आणि मनातल्या मनात घालतोय, पण आठही अंगं त्यात आहेत असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? शेळ्या बऱ्या आहेत का, आणि ती दुमडल्या कानाची अजून दार ढकलून स्वयंपाकघरात येते का? हे सगळं मी फोनवरच विचारलं असतं, पण गेले दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या भावजयीचा उचलतेस हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्याशी बोलायला ती गच्चीत जाते आणि परत आल्यावर माझ्याकडे असं बघते, जणू मी चिखलाच्या पायांनी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभा आहे.

तू का रागावलीस ते मला कळतं. टेकडी बचाव समितीच्या पहिल्या सभेत मी म्हणालो की, ज्यांनी ज्यांनी हे परकं गवत आपल्या मातीत आणलं त्यांना पुढच्या पिढ्या माफ करणार नाहीत. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालायचं थांबतं, हे तुला माझ्या सातवीच्या वक्तृत्व स्पर्धेपासून माहीत आहे. ते गवत तुझ्या कुंपणाआड आजही आहे आणि ते लावायला तुला मीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य त्या भाषणात यायला हवं होतं. ते आलं नाही. वेळ संपली होती, असं मी घरी आल्यावर सांगितलं. भावजय म्हणाली, एक तास दहा मिनिटं बोललात, त्यात संपली?

तर ते वाक्य आता इथे लिहितो. तीस वर्षांपूर्वी मी कुरण खात्यात प्रचारक होतो. (वाचनालयात नोकरी लागली ती नंतर. सगळं वाचून मग बोलायचं, हा क्रम मी आयुष्यात उलटा लावला.) खांद्याला बियांची पिशवी आणि हातात कर्णा घेऊन मी सांगत फिरायचो की, हे सोनेरी गवत उन्हात मरत नाही, पाऊस नसला तरी मरत नाही, खुडलं तर फुटतं आणि जाळलं तर दुप्पट येतं. परवा समितीचं पत्रक लिहिताना मी तीच चार वाक्यं पुन्हा लिहिली. तेव्हा ते गुण होते, आता दोष आहेत. एक शब्दही बदलावा लागला नाही. त्या वेळी माझं ऐकून चौघांनी बी पेरलं. तिघांनी वर्षभरात जमिनी विकल्या. तू मात्र भावाने सांगितलं म्हणून कुंपण घालून ते जपलंस.

आता काय पणाला लागलंय ते सरळ सांगतो, कारण तू पत्र मधेच ठेवून देशील अशी मला भीती आहे. मागच्या उन्हाळ्यात टेकडीला आग लागली ती ह्याच गवतामुळे भडकली, आणि थांबली ती तुझ्या घरामागच्या झऱ्याच्या कुरणात, कारण ते एकच हिरवं होतं. उन्हाळे लांबत चाललेत. झऱ्याचं कुरण कडेने सुकायला लागलंय आणि सुकलेल्या कडेत सोनेरी गवत शिरतंय. ते कुरण गवताने भरलं तर पुढची आग कुठे थांबेल? मी पावलं मोजली. कुरणापासून तुझं मागचं दार चाळीस पावलांवर आहे.

मला हे दिसल्यावर मी माझ्या स्वभावाला धरून घोषणा दिली, की टेकडीचा एक इंचही सोडणार नाही. समितीने ती फलकावर लिहिली आणि मला अध्यक्ष केलं. दर रविवारी चाळीस-पन्नास माणसं घेऊन मी वर जायचो आणि आम्ही गवत उपटायचो. (उपटायचे ते. मी एका दगडावर उभा राहून त्यांचा उत्साह टिकवायचो. पाठ धरली ती त्या दगडावरून उतरताना, हे कृपा करून कोणाला सांगू नकोस.) तीन आठवड्यांत माथा बोडका झाला. एक पाऊस पडला आणि मोकळ्या केलेल्या मातीत ते पूर्वीपेक्षा दाट आलं. शिवाय आमच्या मोज्यांना चिकटून त्याचं बी घरोघर पोहोचलं. माझे मोजे भावजयीने झटकले ते गच्चीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत. आता मोगरा दिसत नाही. ती रोज सकाळी त्या कुंडीला पाणी घालते आणि मला हाक मारून दाखवते.

हा पाऊस पडायच्या आधी, माथा बोडका होता तेव्हाच, वनखात्याने आमच्याकडे एक बाई पाठवल्या होत्या. निर्णय कसे घ्यावेत ह्याचं शास्त्र असतं आणि त्या ते शिकल्यात, असं पत्रात होतं. मला हसू आलं. निर्णय घ्यायला छाती लागते, शास्त्र कशाला, असं मी त्यांच्या स्वागताच्या भाषणातच म्हणालो. बाई बारीक चणीच्या, आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागला. त्यांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला नक्की काय हवंय? मी म्हणालो, गवताचा नायनाट. त्या म्हणाल्या, तो कशासाठी? मी म्हणालो, टेकडीसाठी. टेकडी कशासाठी? ताई, मी चाळीस वर्षं लोकांना प्रश्न विचारतोय, पण ते उत्तरासाठी थांबायचे नसतात. ही बाई थांबली. शेवटी आमचा प्लंबर (समितीत आहे, कमी बोलतो, त्यामुळे माझी त्याच्यावर नजर असते) म्हणाला, आग घरापर्यंत येऊ नये आणि झरा आटू नये, एवढंच तर हवंय. बाईंनी ते लिहून घेतलं. माझ्या सव्वा तासाच्या भाषणाचं त्यांनी काय लिहिलं म्हणून मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'अध्यक्षांना टेकडीबद्दल आपुलकी आहे.'

मग त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. अमुक उपाय केला तर दहा वर्षांनी टेकडीचा शंभरातला किती भाग गवताखाली असेल, असे प्रश्न होते. प्रत्येक उत्तराला तीन आकडे लिहायचे: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, आणि मनाला पटतो तो किती. शिवाय पाऊस आहे तसा राहिला तर, उष्मा वाढला तर, आणि उष्मा वाढून पाऊसही घटला तर, असे तीन वेगळे रकाने. नावं लिहायची नव्हती, कारण लोक माणूस बघून आकडा मान्य करतात, असं बाईंचं म्हणणं. कागदाच्या कोपऱ्यात एक छापील क्रमांक आणि तोच क्रमांक असलेली एक चिठ्ठी फाडून स्वतःजवळ ठेवायची. कोपऱ्यातलं छापील वाचायची मला सवय नाही. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात टाकली, दोन मिनिटांत कागद भरला आणि उरलेला वेळ इतरांना धीर देत फिरलो. त्यांनी मला बसायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी बाईंनी सगळ्यांची उत्तरं भिंतीवर लावली. प्रत्येक क्रमांकापुढे एक आडवी रेघ, म्हणजे त्या माणसाला किती शंका आहे त्याची लांबी. प्लंबरची म्हणे हातभर होती. मधल्या काळात माथ्यावर गवत परत आलं होतं, माझी पाठ धरली होती आणि वाचनालयातली ह्या विषयावरची दोन जाड पुस्तकं मी पडल्या पडल्या संपवली होती. त्यामुळे माझं मत पार फिरलं होतं. पण माणसाचं मत फिरलं की त्याला वाटतं, आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो. आणि तिथे भिंतीवर मला क्रमांक सात दिसला. प्रश्न होता, दर रविवारी गवत उपटलं तर दहा वर्षांनी किती गवत उरेल? बाकीच्यांची उत्तरं चाळीसपासून नव्वदपर्यंत पसरलेली. सात नंबरला रेघच नव्हती. तीनही रकान्यांत नुसता एक ठिपका. शून्य, शून्य, शून्य.

ताई, माझं रक्त तापलं. मी उठलो. मी म्हणालो, हा सात नंबर कोण आहे ते मला जाणून घ्यायचं नाही, पण ह्या गृहस्थाने टेकडी कधी लांबून तरी पाहिली आहे का? म्हणालो, अज्ञान परवडतं, पण हे शंकेचा डाग नसलेलं अज्ञान परवडत नाही. म्हणालो, असाच कोणीतरी ठाम माणूस प्रत्येक नाशाच्या आधी टाळ्या घेऊन गेलेला असतो. (हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून मी ते दोनदा घेतलं.) बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, भारावल्यात. मग मी ठरावच मांडला की, अशा माणसाला समितीच्या कोणत्याही पदावर ठेवू नये, आणि विचारलं, अनुमोदन कोण देतंय?

प्लंबरने हात वर केला.

"अनुमोदन माझं," तो म्हणाला, "पण मतदानाआधी अध्यक्षांनी खिशातली चिठ्ठी बघावी."

मी बघितली. पुढचं तुला सांगायला नको. सभेत कोणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. सगळ्यांना आधीच माहीत होतं, असं नंतर कळलं. कारण ठिपक्याखाली बाईंनी कागदावरचं 'निर्धार असेल तर' हेही बारीक अक्षरांत उतरवलं होतं, आणि आकड्याच्या चौकटीत असं लिहिणारा समितीत दुसरा कोण असणार? बाई एवढंच म्हणाल्या की, कोणाचा आकडा कोणता हे आपण उघड करत नाही, तेव्हा ठराव नियमात बसत नाही. अशा रीतीने नियमाने मला वाचवलं. मी खाली बसलो आणि तासभर काही बोललो नाही. घरी गेल्यावर भावजयीने कपाळाला हात लावून ताप बघितला.

बोलत नव्हतो म्हणून पुढचं ऐकू आलं. बाईंनी तक्ता मांडला. एका बाजूला उपाय, दुसऱ्या बाजूला ते तीन प्रकारचे उन्हाळे. माथा वाचवायचा म्हटलं तर तीनही उन्हाळ्यांत हातचा जातो; आमचे सगळे रविवार ओतले तरी जातो. झऱ्याचं कुरण मात्र तीनही उन्हाळ्यांत वाचू शकतं, पण एका अटीवर. त्याच्या वरच्या अंगाला जिथून दरवर्षी वाऱ्याने बी येतं, तो एक तुकडा साफ व्हायला हवा. वारा, उतार, सगळं बाईंनी नकाशावर दाखवलं. माथा सोडून द्यायचा, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. (एक इंचही सोडणार नाही, हा फलक मी स्वतः शिडी लावून उतरवला. म्हणजे शिडी मी धरली.) बी येणारा तुकडा कोणाचा, असं कोणीतरी विचारलं तेव्हा प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, आणि मी बराच वेळ पाणी पीत राहिलो.

बाकी सगळं ठीक. वाचनालयाचं छप्पर गळत नाही. भावजय तुला पापड नकोत का विचारते. मला विचारशील तर नको म्हण, गच्चीत वाळत घालायला आता जागा नाही. गुडघ्याला जप, आणि जमल्यास फोन उचल.

तुझा धाकटा भाऊ,
भोंगा
(हे नाव तूच ठेवलंस. तेव्हा मी चिडलो होतो.)

ता. क. : ताई, तो तुकडा तुझा आहे. तुला हे पहिल्याच पानावर कळलं असणार. माझं भाषण कुठे चाललंय हे तुला नेहमीच माझ्या आधी कळतं. गवत तीन आठवड्यांत बियांवर येईल. त्याआधी ते नांगरून टाकायला हवं, आणि पुढची दोन वर्षं जे उगवेल ते खणून काढायला हवं. येत्या शुक्रवारी समिती बसते आणि तुझी सही लागते. सही मागायला वनखात्याचा माणूस येणार होता. मी म्हणालो, मी लिहितो. हे पत्र त्यासाठी.

आणखी ता. क. : नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. मग समिती दुसरा मार्ग बघेल, तो कमी चांगला आहे, पण आहे. तुझ्यावर मी सभेत बोलणार नाही. सही केलीस किंवा नाही केलीस, दोन्ही बाबतींत शुक्रवारी मी उभा राहून सांगणार आहे की ते गवत तू माझ्या सांगण्यावरून लावलंस. सगळं मिळून दोन वाक्यं आहेत. भावजयीने घड्याळ लावून पाठ करून घेतलीत.

तिसरा ता. क. : शेळ्यांना दोन वर्षं चारा समिती देईल. तो आणून टाकायचं काम मी माझ्याकडे घेतलंय. पाठ असू दे. त्या दुमडल्या कानाचीला सांग की भोंगा दर मंगळवारी येणार आहे आणि भाषण करणार नाही.

शेवटचा ता. क. : नांगरल्यावर त्या मोकळ्या जागेत काय पेरू, असं तू मला विचारशील. विचारू नकोस. मला एक उत्तर सुचलंय, आणि ते मला फार म्हणजे फारच पटलंय. प्लंबरला विचार.