डावीकडे न वळणारी गाडी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (सकाळपासून गाडीखाली आडवाच आहे, त्यामुळे वेगळा घालावा लागला नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत. गाडीचं मात्र डावं अंग गेलंय.

तुम्ही मला दिलेली तुमची गाडी मी तुम्हाला न विचारता निळी केली, त्याला तीन महिने झाले. 'छान' एवढंच म्हणून तुम्ही जे निघालात ते पुन्हा आमच्या घराची पायरी चढला नाहीत. त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. (वाईट वाटतं, ते वेगळं.) पत्राचं कारण निव्वळ विजेचं आहे. शनिवारी गाडीची सरकारी तपासणी आहे आणि चाळीस वर्षांच्या गाडीला तिथे कुणी लाडाने घेत नाही. नापास झाली तर थेट भंगारात जाईल.

आजार असा, की डावा सिग्नल दिला की डावा सिग्नल सोडून बाकी सगळं पेटतं. मागचा लाल दिवा मिणमिणतो, गाडीतला बाण अर्धवट डोळा मारतो, आणि खुद्द सिग्नल ढिम्म. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, टिकटिक करणारी डबीही बदलली. (जुनी डबी शेजारच्या रेडिओवाल्या काकांनी कानाला लावून 'हिची तब्येत उत्तम आहे' असं सांगितलं, पण तोवर मी नवी आणून बसलो होतो.) मग काकांना हुरूप आला. त्यांनी तासभर वायरींशी झटापट केली आणि आता डावीकडे वळलं की हॉर्न वाजतो. त्यांच्या मते हा इशारा जास्त स्पष्ट आहे.

तेव्हापासून मी डावीकडे वळणं सोडलंय. तीनदा उजवीकडे वळलं की माणूस डावीकडेच पोचतो, फक्त ऑफिसला वीस मिनिटं उशिरा. एकदा तुमच्या सूनबाईंना खिडकीतून हात बाहेर काढायला सांगितलं, तर फुटपाथवरच्या तीन अनोळखी माणसांनी हसून हात हलवले आणि चौथा चक्क मागच्या सीटवर येऊन बसला. चांगला माणूस होता. त्याला स्टेशनवर सोडलं. (उजवीकडून उजवीकडून.)

असो. मोठ्यांना नमस्कार, मामींना जरा जास्तच.

आपला,
भाचा

ता. क. : या गाडीची नस फक्त तुम्हाला कळते. शुक्रवारी सकाळी याल का? मला खरंच काही सुचत नाहीये.

ता. क. २ : मामा, मी सूनबाई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. सिग्नल मंगळवारीच दुरुस्त झालाय. दिव्याच्या बुडाशी याने हौसेने रंगाचे तीन हात मारले होते, त्यामुळे विजेची परतीची वाटच बंद झाली होती. तेवढा रंग खरवडला, काकांनी जोडलेल्या वायरी पूर्ववत केल्या आणि दिवा लुकलुकायला लागला. हा अंगणात नाचला, मग नाचता नाचता मध्येच थांबला. आता मामांना कशासाठी बोलवायचं, म्हणाला. आज सकाळी त्याने त्याच जागी स्वतःच्या हाताने कागदाची चकती घालून ठेवली आहे, तुम्हाला सापडावी म्हणून. मागच्या डाव्या दिव्याखाली आहे. पण मामा, लगेच काढू नका हं. निदान जेवणाच्या वेळेपर्यंत शोधत राहा.