न झिजलेलं मशीन

मामाजी, आज दुपारी तुमच्या सोनारकामाच्या बैठकीवरची धूळ झटकली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून कागद घेतला. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात रांगत होती. आता ती सुरतला आहे, दागिन्यांच्या कारखान्यात. ती का गेली, हे घरात कोणालाच खरं ठाऊक नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही थोडंच कोणाजवळ बोलणार!

तुमच्या मुलाला आगीसमोर बसणं कधी जमलं नाही. त्याने नोकरी धरली आणि तुम्ही मला धरलं. दिवाळीचे दिवस आहेत, मी स्वयंपाकघरात शंकरपाळे कापतेय आणि तुम्ही दारात उभे. एक उचललात, दुसऱ्यावर ठेवलात, मग तिसऱ्यावर; सगळे एका मापाचे. "सूनबाई, हात धू अन् बाहेर ये. हे काम कोनीबी करन." सोनाराच्या बैठकीवर सून बसली म्हणून अमरावतीच्या आपल्या गल्लीत काय काय बोलणी झाली, बाप्पा! तुम्ही कानावर घेतलं नाही, माझ्या हातात कानस दिली. अंजनगावला जुनं रोलर घ्यायला गेलो तो दिवस तर कालचाच वाटतो. सोन्याचा पत्रा दाबून पातळ करायचं, हाताने फिरवायचं रोलर. दुकानात दोन होती. एकाच्या मुठीचा रंगसुद्धा गेला नव्हता, दुसऱ्याच्या मुठीत बोटांचे खळगे पडलेले. मी रंगवालं धरलं आणि तुम्ही चारचौघांत करवादलात, "काहून भुलतं व? ज्यानं पयल्या मालकाचं घर नाही चालवलं, थे आपलं काय चालवनार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण झिजलेलं आणलं, आणि त्याच्यावर तुमची नात शिकली.

ती नागपूरहून कॉम्प्युटरवर दागिने काढायला शिकून आली. इकडे गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून म्हणतं, "सेम टू सेम पाहिजे." हाताने तसंच्या तसं होत नाही, मामाजी, माझ्याच्याने तरी नाही. पोरगी म्हणाली, आपल्याला मिलिंग मशीन पाहिजे. म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, आणि हे यंत्र सुईएवढ्या कटरने ते मेणात कोरतं. मग त्या मेणावरून साचा करून सोनं ओतायचं. नवं आपल्या ऐपतीतलं नव्हतं. जुनं मिळालं तर ती घरीच राहणार होती, नाहीतर सुरतची नोकरी ठरलेली. तिला राहायचं होतं. मला तर ती हवीच होती, हे काय सांगायला पाहिजे?

अकोल्याच्या सराफ्यात एकाचं विकायला आहे असं कळलं, म्हणून दोघी एसटीने गेलो. शटर अर्धं खाली. आत तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा एक तरुण सोनार, बापाच्या फोटोखाली बसलेला. मी आधी मशीनवर हात ठेवला. गारच होतं. आपण यायच्या आधी चालवून गरम केलेलं नाही, म्हणजे माणूस लपवाछपवी करणारा नाही. आम्ही आणलेलं मेण लावून अंगठीच्या मापाचा गोल कापायला सांगितला. गोल जिथे सुरू झाला तिथेच बरोबर येऊन मिळाला, नखाला सांधा लागेना. पोरीने व्हर्नियरने आडवा-उभा मोजला आणि माझ्याकडे बघून हसली. मग मी खालचं झाकण काढायला लावलं. मेण ज्या टेबलावर बसतं ते एका लांब स्क्रूवर सरकतं. काम नेहमी मधोमध चालतं, म्हणून स्क्रू मधे झिजतो आणि टेबलाला हिसका येतो. हा स्क्रू टोकाला जसा होता तसाच मधे. कटरच्या डबीचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"आई, हे तर नवंच आहे व!" पोरगी म्हणाली. तिने खोलीत ते कुठे बसेल याची वीत घालायला सुरुवात केली होती, हवेतच.

मी त्याला विचारलं, "काहून विकून राहिले, भाऊ?"

"कामच नाही आलं, ताई. मले वाटलं मशीन आलं की काम येईन. लोकं काचेच्या शोरूममधून तयार घेऊन राहिले. माह्याकडं येतात ते मोडाले येतात, घडवाले कोनी येत नाही."

तो बोलत होता आणि मला त्या फोटोखाली आपली पोरगी दिसायला लागली. अर्धं शटर, गार मशीन, आणि ती वाट बघत बसलेली. मी टेबल दोन्ही हातांनी धरून हलवलं, ते तसूभरही हललं नाही, आणि मी म्हणाले, "हिसका आहे याच्यात. मधे."

पोरीची वीत तिथेच थांबली. माझ्या हातावर तिचा देवाइतका भरवसा. त्या पोराने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्याला विकणं किती गरजेचं होतं हे मला दिसत होतं. मला वाटलं, आता हा भांडणार.

"हाय थोडासा," तो म्हणाला. "मी सांगनारच होतो."

आणि त्याने आमच्यासाठी चहा मागवला. परतताना मूर्तिजापूरजवळ पोरगी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बरं झालं आई तू होती, नाहीतर फसलो असतो आपन." त्याच आठवड्यात ती गेली.

काल तिचा फोन आला. कारखान्यात मशीनं रात्रंदिवस चालतात, सगळ्यांचे स्क्रू मधे झिजलेले आहेत म्हणे. "आई, तेवढा हिसका कॉम्प्युटरमधून सांभाळून घेता येते. मले तवा माहीतच नव्हतं. आपन ते घ्याले पाहिजे होतं व. मी येतो परत. अकोल्याचं अजून असन काय? विचारून पाहतं?"

विचारते म्हणाले. तिच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

हा कागद मी कुठे टाकणार? राहील इथेच, बैठकीच्या खणात. त्या पोराचा नंबर माझ्याजवळ आहे, मामाजी. अजून लावला नाही.