मुंगीच्या चार वह्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विद्यापीठाच्या सेंद्रिय रसायनशास्त्र विभागातून निवृत्त झालेली प्राध्यापक, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय आणि कुणाच्या लाडीगोडीला न भुलता करून ठेवत आहे. माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे; थोडी कमी असती तर सहावे कलम लिहावे लागले नसते. पस्तीस वर्षे ईथरच्या वासात काढल्यामुळे माझ्या बुद्धीवर परिणाम झाला, असा दावा कुणी करू नये. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागाच्या भरात केले असल्याने रद्द समजावे. राग कायम आहे, त्याची सोय खाली वेगळी केली आहे.

२. माझे राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. मेहुण्यांनी तिथे राहण्यास माझी हरकत नाही. मात्र गेली चाळीस वर्षे ते माझ्या विषयाला "तुमचं ते साबण-फिनेलचं" म्हणत आले आहेत. मोरीतला नळ ठिबकतो, तो त्यांनी स्वतः दुरुस्त करावा. प्लंबर बोलावू नये.

३. आमच्या विभागात काच फुंकून भांडी बनवणारे एक कारागीर होते, सगळे त्यांना काचवाले म्हणत. त्यांनी माझ्यासाठी बनवलेली, कपाटाच्या वरच्या फळीवरची सर्व काचेची भांडी त्यांना परत द्यावीत. इतक्या वर्षांत मला तोंडावर सुनावणारा हा एकच माणूस. म्हणायचे, "बाई, काचेला घाई चालत नाही. आत्ता गप्प बसेल, चार दिवसांनी तडकेल." मी तेव्हाही ऐकले नाही.

४. पुस्तके आणि जुना तराजू विभागाला द्यावा. सध्याचे विभागप्रमुख माझ्या हाताखाली असताना एक फ्लास्क न विसळता प्रत्येक शोधनिबंधावर नाव लावून गेले. शोकसभा झालीच, तर त्यांनी भाषण करू नये. अगदीच राहवले नाही तर पाच मिनिटे, आणि त्यात मला "मातृहृदयी" म्हणू नये. मी नव्हते, आणि हे त्यांच्याइतके कुणालाच माहीत नाही.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. जन्मभर दुसऱ्यांनी आणलेले नमुने तपासले, आता माझा तपासू देत.

६. हे कलम लांब आहे. माझी भाची वकील आहे, हा मजकूर तीच टाइप करते आहे. ती म्हणाली, "मावशी, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात." मी म्हटलं, "मग तू मर आणि तुझं तू लिही." आता ती मुकाट्याने टाइप करते आहे.

वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी.ला एक मुलगी होती. चणीने लहान, सदा कामात, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. गाइडने नव्या विद्यार्थ्याला आपली एखादी जुनी वस्तू द्यायची, अशी आमच्या प्रयोगशाळेची पद्धत होती. मी तिला माझी मॅग्नेटिक बीड दिली. बीड म्हणजे पांढरे वेष्टण असलेला कॅप्सूलएवढा चुंबक. फ्लास्कमध्ये टाकला की गरगर फिरतो आणि आतला द्रव ढवळतो. मी स्वतः पीएच.डी. करताना तीच वापरली होती.

तिसऱ्या वर्षी मुंगीने दोन रेणू एकमेकांना जोडून दाखवले, तेही पॅलेडियम न घालता. पॅलेडियम हा धातू चिमूटभर घातल्याशिवाय ते रेणू जुळत नाहीत, असे आम्ही सगळे मानत होतो. तिला यील्ड, म्हणजे अपेक्षित मालापैकी हाती येणारा वाटा, मिळत होते ब्याऐंशी टक्के. दुसऱ्या दोघांनी करून पाहिले, तर शून्य. मी तिला बोलावले. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यासमोर करून दाखवते." मी म्हटलं, "कर. पण सगळं कोरं घे." नवा फ्लास्क, नव्या बाटल्या, नवी बीड. काटेकोरपणाचा मला भारी अभिमान. तिने तीनदा केले आणि तिन्ही वेळा काही झाले नाही. तेव्हा सगळ्या प्रयोगशाळेसमोर मी तिला म्हणाले, "आकडे बनवायलाही अक्कल लागते, तीसुद्धा तुझ्याकडे नाही." हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. ती रडली नाही. किल्ली, चार वह्या आणि ती जुनी बीड टेबलावर ठेवली आणि निघून गेली. माझ्या शिफारशीवरून विद्यापीठाने तिची नोंदणी रद्द केली. पुढे तिला कुठेच प्रवेश मिळाला नाही. सध्या ती पिण्याचे पाणी तपासणाऱ्या एका कचेरीत आहे.

मी निवृत्त झाले त्या महिन्यात ड्रॉवर आवरताना बीड हाती लागली. वेष्टणावर बारीक चरे होते. याच बीडने मी दोन वर्षे पॅलेडियम ढवळले होते, हे मला तेव्हा आठवले. मी तीच बीड फ्लास्कमध्ये टाकून मुंगीचा प्रयोग स्वतः केला. एकोणऐंशी टक्के. पुन्हा केला. ब्याऐंशी. मग बीड आम्लात उकळली आणि ते आम्ल तपासायला दिले. पॅलेडियम निघाले. म्हणजे धातू होता, चऱ्यांत अडकून बसलेला, आणि तो मीच तिच्या हातात दिला होता. नवी बीड घ्यायला लावून तो काढूनही मीच घेतला. तिने लावलेला अर्थ चुकला होता, पण आकडा न् आकडा खरा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ही गोष्ट मी नऊ वर्षे कुणाला सांगितली नाही. आधी निरोपसमारंभ होता, मग एक पुरस्कार होता, मग गुडघ्याचे ऑपरेशन. सबबींना काय तोटा! खरे कारण, मला लाज वाटत होती.

तरी (अ) त्या चार वह्या मुंगीला द्याव्यात. (आ) बँकेतली सगळी शिल्लक तिला मिळावी. (इ) वरील हकिगतीचे, विद्यापीठाला उद्देशून लिहिलेले पत्र कपाटात बंद पाकिटात आहे. ते माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत पाठवावे.

७. या सगळ्याची अंमलबजावणी भाचीने करावी. ती माझ्याशी भांडू शकते, एवढी पात्रता पुरे.

येथून पुढचे मी हाताने लिहीत आहे, कारण सही व्हायच्या आतच सहावे कलम मोडले.

पत्ता तपासायला भाचीने मुंगीला फोन केला होता, आणि आज सकाळी ती स्वतःच दारात उभी राहिली. केस पिकलेत. मी "बस" म्हटलं, बसली नाही. मी सहावे कलम तिच्या हातात दिले. तिने उभ्यानेच वाचले, दोनदा.

मग म्हणाली, "वह्या माझ्याच आहेत, मॅडम. तुमच्या मृत्युपत्रात त्या कशा आल्या?"

भाचीने उठून वह्या तिच्यापुढे ठेवल्या.

"आणि पत्र तुम्ही गेल्यावर? का? मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार? मला सगळ्यांसमोर बोलला होतात. मग विचारू देत ना लोकांना, तुम्ही समोर असताना."

मी म्हटलं, "माझं चुकलं गं." वीस वर्षांत पहिल्यांदा. ती "हं" म्हणाली, बाकी काही नाही.

दुसरे साक्षीदार म्हणून ठरलेले शेजारी पाय मुरगळून घरी पडले आहेत. मुंगी म्हणाली, "मी करते सही." भाची गडबडली. "ताई, असं करू नका. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काहीही मिळत नाही, कायदाच आहे. शिल्लक हातची जाईल."

"माहीत आहे," मुंगी म्हणाली. "सही कुठे करायची ते सांगा."

सबब कलम सहामधील (अ), (आ), (इ) तिन्ही रद्द. वह्या तिने पिशवीत घातल्या. शिल्लक बहिणीला जावी. पाकीट मी तिच्यासमोर फोडले, पत्रावर आजची तारीख घातली आणि भाचीला पोस्टात टाकायला खाली पाठवले. ती परत आली आहे, आता आम्ही सह्या करत आहोत. विद्यापीठ विचारील ते सांगायला मी घरीच आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले: (सही)
व्यवसाय: दातांचे डॉक्टर, तळमजला
वरील सही माझ्यासमक्ष झाली.

साक्षीदार दुसऱ्या: (सही)
व्यवसाय: रसायनशास्त्रज्ञ
वरील सही माझ्यासमक्ष झाली. मी स्वतः पाहिले आहे. आता यावर विश्वास ठेवावा.